खानदेशातल्या डिझायनर संघटनेचा इतिहास कसा लिहावा

जळगाव, धुळे, नंदुरबार किंवा एखाद्या तालुक्याच्या गावी डिझायनरांची संघटना असते आणि तिचा रौप्यमहोत्सव तोंडावर येतो. मग स्मरणिका ठरते. अध्यक्षांचं मनोगत, शुभेच्छा जाहिराती, कार्यकारिणीचे फोटो, आणि मध्ये कुठे तरी दोन पानांत ‘आमची वाटचाल’. ही दोन पानं नीट लिहायची असतील तर साधारण वर्ष हाताशी हवं. तीन महिने उरल्यावर सुरुवात केली की मागच्या स्मरणिकेतला मजकूरच पुन्हा छापला जातो, चुकांसकट.

आधी शब्द जमवा

‘ग्राफिक डिझायनर’ हा शब्द आपल्याकडच्या दुकानांच्या पाट्यांवर संगणकाबरोबर आला. त्याआधी हेच काम करणाऱ्याला पेंटर म्हणत, आर्टिस्ट म्हणत, फार तर कमर्शिअल आर्टिस्ट. छापखान्यात तो कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारा होता, किंवा ब्लॉक, म्हणजे चित्र छापायचा ठसा बनवणारा. पुढे स्क्रीन प्रिंटिंगवाला, डीटीपी ऑपरेटर (संगणकावर पानं जुळवणारा), फ्लेक्सवाला झाला. म्हणून जुन्या कागदांत आणि वर्तमानपत्रांत ‘डिझायनर’ शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही, आणि ‘आमच्या गावात संघटना १९९० नंतरच झाली’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल. पेंटर, आर्टिस्ट, चित्रकार, मुद्रक, छापखाना, कलाशिक्षक हे सगळे शब्द घेऊन शोधा. एकाच संघटनेने दोन-तीनदा नाव बदललेलं असू शकतं. उलट दोन वेगळ्या संघटना एकत्र येऊन आजची झालेली असू शकते. ‘पूर्वीचं नाव अमुक’ एवढं लिहून पुढे जाऊ नका. नाव बदलण्याचा ठराव कोणत्या सभेत, कोणत्या तारखेला झाला ते शोधा. नाव का बदललं, याचं उत्तर बहुतेक वेळा कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं, या वादात सापडतं.

दुसरी अडचण माणसांच्या नावांची. सभासद रजिस्टरात आडनावासकट पूर्ण नाव असतं, बाजारात तो माणूस ‘अमुक पेंटर’ म्हणून ओळखला जातो, पाटीच्या खालच्या कोपऱ्यात तिसरीच सही असते आणि दुकानाचं नाव मुलाच्या किंवा देवाच्या नावाने असतं. पहिल्याच दिवशी एक तक्ता करा: रजिस्टरातलं नाव, बाजारातलं नाव, सही, दुकानाचं नाव, दुकान कुठे होतं. हा तक्ता शेवटपर्यंत भरत राहील. तो नसला की एकच माणूस लेखात तीन माणसं होऊन बसतो, किंवा बाप आणि मुलगा एकच होतात.

स्थापनेचं वर्ष: एक नव्हे, तीन तारखा

पहिली बैठक, घटना मंजूर करणारी सभा आणि नोंदणी या तीन तारखा वेगळ्या असतात. त्यांत कधी काही महिने जातात, कधी काही वर्षं. स्मरणिकांमधले बहुतेक गोंधळ इथेच होतात. एका अंकात पहिल्या बैठकीचं वर्ष, दुसऱ्यात नोंदणीचं. तुम्ही तिन्ही लिहा, आणि वर्धापनदिन कोणत्या तारखेवरून मोजता ते स्पष्ट सांगा.

नोंदणीचा कागद मिळवणं अवघड नाही. महाराष्ट्रात अशी संस्था सहसा दोन कायद्यांखाली नोंदलेली असते: संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०. त्यामुळे क्रमांकही दोन असतात. दुसऱ्या कायद्याखालचा क्रमांक संस्थांच्या बाबतीत ‘एफ’ने सुरू होतो. जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयात संस्थेचं नाव आणि क्रमांक देऊन परिशिष्ट एकचा उतारा, नोंदणीवेळचं ज्ञापन व नियमावली आणि आजवरचे बदल अर्ज यांच्या नकलांसाठी अर्ज करा. ज्ञापनावर किमान सात जणांच्या सह्या, वय, व्यवसाय आणि पत्ते असतात. व्यवसायाचा रकाना जपून वाचा. तिथे ‘पेंटर’, ‘शिक्षक’, ‘छापखाना’, ‘व्यापार’ असं जे लिहिलंय त्यावरून ही संघटना मुळात कोणाची होती ते कळतं. सातपैकी दोघेच पेंटर आणि बाकी छापखान्यांचे मालक असतील तर पुढच्या सगळ्या दरवादांचा अर्थ बदलतो.

नंदुरबारसाठी एक गोष्ट ध्यानात ठेवा. जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, त्याआधी तो धुळ्याचा भाग होता. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर इथल्या जुन्या संस्थांचा मूळ क्रमांक धुळ्याचाच असणार, फाइल पुढे हलवली असली तरी. दोन्ही कार्यालयांत अर्ज करा.

बदल अर्ज म्हणजे कार्यकारिणी बदलल्याची सूचना. कायद्याने ती ९० दिवसांत द्यायची असते, पण संस्था उशीर करतात आणि निकालही लांबतो. म्हणून ‘अमुक साली अध्यक्ष’ लिहिताना सभेची तारीख घ्या. बदल अर्ज मंजूर झाल्याची घेऊ नका. फाइल सापडत नाही असं उत्तर आलं तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज करा. ३० दिवसांत लेखी उत्तर यावं लागतं, आणि ‘अभिलेख उपलब्ध नाही’ हे लेखी उत्तरही इतिहासात नोंदवण्याजोगं आहे.

संघटना कामगार संघटना म्हणून १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याखाली नोंदलेली असेल तर कागद कामगार खात्याकडे असतील. आणि अनेक संघटना कधीच नोंदल्या गेल्या नाहीत. त्यांचा इतिहास कमी दर्जाचा नाही. तिथे पावतीपुस्तक, बँकेचं पासबुक, निमंत्रणपत्रिका आणि रबरी शिक्का हेच पुरावे. पावतीपुस्तकाचं पहिलं पान मिळालं तर सोन्याहून पिवळं. त्यावर पहिली वर्गणी, रक्कम आणि तारीख तिन्ही असतात.

तारीख नसलेल्या कागदाची तारीख काढणं

लेटरहेड, दरपत्रक, हँडबिल यांवर बहुधा तारीख नसते. पण कागद स्वतःच बोलतो. ‘पूर्व खानदेश’ किंवा ‘पश्चिम खानदेश’ असा जिल्हा छापला असेल तर तो मजकूर १९६० च्या सुमाराचा किंवा आधीचा. ‘मुंबई राज्य’ असेल तर १ मे १९६० पूर्वीचा. दर आण्यांत असतील तर १९५७ पूर्वीचा धरायला जागा आहे. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४. सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. जळगाव किंवा धुळ्यापुढे ‘महानगरपालिका’ असेल तर २००३ नंतरचा. रुपयाचं ₹ हे चिन्ह २०१० पासून, जीएसटी क्रमांक १ जुलै २०१७ पासून. ‘नांव’, ‘कांहीं’ असे अनुच्चारित अनुस्वार दिसले तर मजकूर १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या सवयीचा आहे, पण जुने कंपोझिटर ती सवय पुढेही बरीच वर्षं सांभाळून होते, म्हणून या खुणेवर एकट्या विसंबू नका.

इथे एक नियम पक्का धरा. या खुणा छपाईचा काळ सांगतात; कागद कधी वापरला याबद्दल मात्र ‘याच्या आधीचा असूच शकत नाही’ असं खात्रीने म्हणता येतं, ‘याच्या नंतरचा नाही’ असं म्हणता येत नाही. हजार लेटरहेड छापून घेतले तर ते संपेपर्यंत वापरले जातात, पिनकोड हाताने लिहून. म्हणून ‘१९७२ नंतर’ असं लिहा. ‘१९७२’ असं लिहू नका.

व्यापाऱ्यांच्या वह्यांमधून पाटी रंगवल्याचा, कॅलेंडर छापल्याचा खर्च सापडतो, आणि त्या वह्या अनेकदा संवतात असतात. दिवाळी पाडव्याला सुरू होणाऱ्या संवताच्या वहीत कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या नोंदीतून ५७ वजा करा, जानेवारीपासून आश्विनापर्यंत ५६. संवत २०३० मधली कार्तिकातली नोंद १९७३ ची, पण त्याच वहीतली माघातली १९७४ ची. चैत्रात संवत बदलणाऱ्या घराण्यांची वही असेल तर हा हिशेब लागू नाही. वही कोणत्या सणाला सुरू झाली ते पहिल्या पानावरच्या पूजनावरून पाहा. निमंत्रणपत्रिकेवर शके असेल तर चैत्र ते डिसेंबर ७८ मिळवा, त्यानंतर फाल्गुनअखेर ७९.

छपाईची पद्धतही काळ सांगते. कागद उलटा करून बोट फिरवा. अक्षरांचा उठाव लागला तर खिळ्यांची छपाई, म्हणजे लेटरप्रेस. दहापट भिंगातून पाहिलं तर अक्षराच्या कडेला शाई किंचित दाटलेली दिसते. सपाट, एकसारखी शाई असेल तर ऑफसेट. जाड, हाताला लागणारा थर असेल तर स्क्रीन. फोटोचे ठिपके जाड, नुसत्या डोळ्यांना दिसणारे असतील तर हाफटोन ब्लॉक. ऑफसेटच्या कामात अक्षरांच्या ओळीभोवती पुसट रेघ किंवा सावली असेल तर तो ब्रोमाइड, म्हणजे फोटोच्या कागदावर काढलेला मजकूर, चिकटवून केलेल्या आर्टवर्कचा माग आहे. आणि मजकूर मंगल फॉन्टमध्ये असेल तर तो २००० च्या आधीचा नाही, कारण हा फॉन्ट विंडोज २००० बरोबर आला.

मुंबईचा काळ इथे जसाच्या तसा लावू नका. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये कमर्शिअल आर्टचा विभाग १९३५ मध्ये सुरू झाला, कमर्शिअल आर्टिस्ट्स गिल्ड मुंबईत १९४८ मध्ये स्थापन झाली, कला संचालनालय १९६५ मध्ये. ही वर्षं सभासदांची प्रमाणपत्रं समजून घ्यायला उपयोगी पडतात. पण तालुक्याच्या गावी ट्रेडल मशीन (लेटरप्रेसचं छोटं यंत्र), मिनी ऑफसेट आणि स्क्रीन एकाच गल्लीत एकाच वेळी चालू असत. ‘लेटरप्रेसचं युग संपलं आणि ऑफसेटचं सुरू झालं’ असं वाक्य लिहिलंत तर ते तुमच्या गावापुरतं खोटं असण्याचीच शक्यता जास्त.

पुरावा कुठे दडलेला असतो

१८६७ च्या छापखाना व पुस्तक नोंदणी कायद्याप्रमाणे प्रत्येक छापील पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण द्यावं लागे, आणि छापखाना चालवणाऱ्याला दंडाधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापत्र करावं लागे. (हा कायदा मार्च २०२४ मध्ये नव्या कायद्याने बदलला.) म्हणून जुन्या स्मरणिका, शाळांची नियतकालिकं, कीर्तन-भजनाच्या पुस्तिका उघडा आणि थेट शेवटचं पान पाहा. तिथली मुद्रकाची ओळ उतरवून घेतली की गावातल्या छापखान्यांची यादी आपोआप तयार होते. प्रतिज्ञापत्रं जिल्हाधिकारी किंवा प्रांत कार्यालयाच्या अभिलेख कक्षात शोधा. निवडणुकीच्या पत्रकांवरही मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव टाकणं लोकप्रतिनिधित्व कायद्याने बंधनकारक आहे, आणि निवडणुकीचं वर्ष माहीत असल्याने अशा पत्रकाची तारीख जवळपास पक्की असते. लग्नपत्रिकांवर छापखाने जाहिरातीसाठी नाव टाकत, त्यावर लग्नाची तारीख तर असतेच. घरोघरी जपून ठेवलेला याहून चांगला दिनांकित नमुना दुसरा नाही.

वाचनालयांत वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली मागा. जळगावचं व. वा. वाचनालय १८७७ पासूनचं आहे. अशा जुन्या वाचनालयांपासून सुरुवात करा. सगळी वर्षं चाळायची गरज नाही. गुढीपाडवा, गणेशोत्सव, दसरा आणि दिवाळीच्या आधीचे आठ दिवस घ्या, कारण जाहिराती तेव्हाच सर्वांत जास्त असतात. सभेची तारीख माहीत असेल तर पुढचे चार दिवस पाहा.

ग्राहकांकडे जायला संकोच करू नका. जळगावची डाळ आणि सोनं, रावेर-यावलची केळी, नंदुरबारची मिरची, यांच्या पोत्यांवरचे, पिशव्यांवरचे आणि खोक्यांवरचे छाप कोणीतरी इथेच काढलेले आहेत. आज जगभर ओळखली जाणारी विप्रो १९४५ मध्ये अमळनेरला वनस्पती तूप आणि साबण बनवणारा कारखाना म्हणून सुरू झाली. अशा मालाच्या डब्यांवरची आणि वेष्टनांवरची चित्रं कोणी केली, हे विचारण्याजोगं आहे. उत्तर मुंबईचं निघालं तरी लिहा. स्थानिक पेंटरच्या वाट्याला काय आलं आणि काय मुंबईला गेलं, हा संघटनेच्या इतिहासाचा गाभा आहे.

दरपत्रक

एकच कागद शोधायला मिळणार असेल तर दरपत्रक शोधा. अशा संघटना बहुतेक वेळा दरासाठीच उभ्या राहतात. दर कोणत्या मापाने लावला ते आधी पाहा: अक्षरामागे, चौरस फुटामागे, नगामागे, की तासामागे. पाटी अक्षरावर मोजली जाते तेव्हा कौशल्याला किंमत असते. चौरस फुटावर आली की मालाला. फ्लेक्स आल्यावर सगळाच दर चौरस फुटावर गेला आणि त्यात डिझाइनचे पैसे वेगळे दिसेनासे झाले. हा बदल तुमच्या संघटनेने मान्य केला की विरोध केला, ठराव झाला का, तो कोणी मोडला, हे लिहा. प्रत्येक दरपत्रकातल्या चार-पाच सारख्या वस्तू निवडा, उदाहरणार्थ लेटरहेडचं डिझाइन, १० बाय ३ फुटांची पाटी, एक रंगाचं हँडबिल. त्यांचे दर वर्षांनुसार एका तक्त्यात मांडा. शेजारी त्याच वर्षाचा सोन्याचा किंवा ज्वारीचा भाव द्या, म्हणजे आजच्या वाचकाला अंदाज येतो. छापील दर आणि प्रत्यक्ष मिळालेला दर यांत फरक असतो. तो बिलबुकातून किंवा मुलाखतीतून काढा, आणि तक्त्यात वेगळा रकाना ठेवा.

मुलाखती

सर्वांत वयस्कर आणि आजारी माणसांकडे आधी जा. विद्यमान पदाधिकारी शेवटी भेटले तरी चालतील. उन्हाळ्यात सकाळी सात ते दहा ही वेळ धरा. पंखा बंद करावा लागतो, कारण त्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये बोलण्याच्या वर बसतो, आणि मे महिन्याच्या दुपारी पंखा बंद करा असं आपल्याकडे कोणाला सांगवणार नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाका, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर मऊ कापडावर ठेवा. एका बैठकीत तासाभराहून जास्त ताणू नका. दुसऱ्या बैठकीत माणूस जास्त आठवतो.

रिकाम्या हाताने जाऊ नका. एखादं जुनं हँडबिल, पाटीचा फोटो, ब्रश समोर ठेवा आणि ‘हे कसं केलं असेल?’ इथून सुरू करा. अहिराणीत किंवा तावडीत, म्हणजे इथल्या बोलीत, बोलणाऱ्याला प्रमाण मराठीत आणू नका. ‘तवय काय भाव व्हता?’ असं विचारलं की उत्तर वेगळंच येतं. उतारा बोलीतच करा, खाली मराठी अर्थ द्या. साल विचारू नका, प्रसंग विचारा: ७२ च्या दुष्काळाआधी की नंतर? आणीबाणीत निवडणुकीच्या पाट्यांचं काय झालं? अमळनेरचं १९५२ चं साहित्य संमेलन, जळगावचं १९८४ चं, अशा वेळी कमानी आणि फलक कोणी केले? या खुंट्यांना आठवणी नीट अडकतात.

‘संघटनेत कोण नव्हतं?’ हा प्रश्न प्रत्येकाला विचारा. घरी बसून ब्लॉकसाठी काळ्या शाईची चित्रं करणाऱ्या बाया, पाट्यांची ग्राउंडिंग करणारी, म्हणजे अक्षरांआधी रंगाचा थर देणारी पोरं, दुसऱ्या मोहल्ल्यातले पेंटर हे रजिस्टरात नसतात. त्यांच्याकडे न जाता लिहिलेला इतिहास पदाधिकाऱ्यांची यादी होऊन राहतो.

मुलाखतीची लेखी परवानगी एका पानावर घ्या: रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, नाव छापायचं का, कोणता भाग छापायचा नाही. भांडणं आणि पैशांच्या गोष्टी दोन स्वतंत्र माणसांनी सांगितल्याशिवाय किंवा कागद मिळाल्याशिवाय छापू नका.

नमुने जपणं

कागदपत्रं ३०० डीपीआयवर, बारीक अक्षरं आणि रेषाचित्रं ६०० वर स्कॅन करा. मूळ प्रत टिफमध्ये, वाटायला जेपेग. मोठ्या पाट्यांचे फोटो घेताना दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवरून सारखा उजेड द्या आणि फुटपट्टी चौकटीत ठेवा. भिंतीवरच्या पुसट जाहिराती पाऊस पडून गेल्यावर, भिंत ओलसर असताना जास्त स्पष्ट दिसतात. तेव्हाच फोटो घ्या. व्हॉट्सॲपवर फोटो मागवले तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाही तर आकार आवळला जातो आणि छपाईला उपयोग राहत नाही. फाइलच्या नावात वर्ष, महिना, प्रकार, क्रमांक असा क्रम ठेवा. वर्ष अंदाजे असेल तर तसं नावातच नोंदवा.

गंजलेल्या टाचण्या आणि पिना काढा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका. दोन्हींनी झालेलं नुकसान परत निघत नाही. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या पॉझिटिव्ह फिल्म (छपाईच्या प्लेट बनवायच्या पारदर्शक फिल्म) एकमेकींना चिकटतात, म्हणून प्रत्येकीमध्ये साधा कागद घाला आणि आतल्या खोलीत ठेवा. फ्लेक्स घडी करू नका, छपाईची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा.

संगणकातल्या फायलींची घाई सर्वांत जास्त आहे. फ्लॉपी आणि सीडी आधी कॉपी करून घ्या. पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायली आज उघडणारी यंत्रं कमी होत चालली आहेत, आणि उघडली तरी त्या वेळचा मराठी फॉन्ट नसेल तर मजकूर अगम्य दिसतो. जुना संगणक चालू असेपर्यंत प्रत्येक फाइल पीडीएफ करा, फॉन्टची फाइलही सोबत ठेवा, मग मजकूर युनिकोडमध्ये बदला. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, तिथे हमखास चुका होतात.

लिहिताना

मोठ्या नावांचा मोह आवरा. १९३६ च्या फैजपूर काँग्रेसची सजावट नंदलाल बोसांनी केली. चाळीसगावच्या केकी मूस यांनी टेबलटॉप छायाचित्रणात मोठं काम केलं. अजिंठा तर जळगावपासून तासा-दीड तासावर. हे सगळं खरं आहे आणि अभिमानाचं आहे. पण तुमच्या संघटनेतला कोणी फैजपूरच्या मांडवात बांबू बांधायला होता, कोणी मूस यांच्याकडे शिकला, असा दुवा सापडला तरच ते लिहा. दुवा नसताना अजिंठ्यापासून सुरुवात केली की वाचक तिसऱ्या परिच्छेदात सोडून देतो आणि तुमच्या पेंटरांपर्यंत पोचतच नाही.

प्रत्येक विधानापुढे स्वतःच्या कच्च्या प्रतीत आधार लिहा: ठराव, पावती, मुलाखत, बातमी. वि. का. राजवाडे ज्या धुळ्यात वारले आणि ज्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे १९२७ पासून आहे, त्या गावात मूळ कागदाचा आग्रह नव्याने शिकवायला नको. ठराव जसाच्या तसा उद्धृत करा, त्या काळच्या शुद्धलेखनासकट.

स्मरणिकेतल्या दोन पानांऐवजी स्वतंत्र पुस्तिका काढायची असेल, तर डेमी एक-अष्टमांश या पुस्तकाच्या नेहमीच्या आकारात ६४ पानं म्हणजे सोळा पानी चार फॉर्म. चित्रं धरून त्यात १२ ते १५ हजार शब्द बसतात. एवढं पुरेसं आहे. सभासदांच्या कामांची चित्रं छापताना करणाऱ्याचं नाव चित्राखालीच द्या. मूळ कलाकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो, तेव्हा वारसांची आणि बोधचिन्ह असेल तर त्या व्यवसायाचीही लेखी परवानगी घ्या. आयएसबीएन विनाशुल्क मिळतो. अर्ज छपाईच्या दोन महिने आधी करा. प्रकाशनानंतर ३० दिवसांत १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात. त्याशिवाय एकेक प्रत राजवाडे मंडळाला, जिल्हा वाचनालयाला आणि जळगावच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्या. मुलाखतींची मूळ रेकॉर्डिंग आणि स्कॅन दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. एक डिस्क कोणत्या पदाधिकाऱ्याकडे आहे ते कार्यकारिणीच्या ठरावातच नोंदवा, म्हणजे निवडणूक झाल्यावर ती नव्या कार्यकारिणीकडे सुपूर्द होईल.